विंटर टायर: आहे त्याच रिमवर की स्टीलचा वेगळा सेट?
धाकटा मॉन्ट्रियलला, छोटी गाडी घेतलीये, आणि आम्ही इथे दांडिया बाजारात बसून व्हिडिओ कॉलवर टायर निवडतोय, बडोद्याची थंडी म्हणजे सकाळी स्वेटर नि दुपारी पंखा! तिकडे १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर, म्हणजे बर्फात पकड ठेवणारे टायर, कायद्यानेच लागतात. गाडीच्या अलॉय (मिश्रधातूच्या) रिमवरच टायर बदलले तर आत्ता स्वस्त, पण वर्षातून दोनदा काढा, चढवा, बॅलन्सिंग करा, मजुरी दरवेळी. विंटर टायर आधीच चढवलेला स्टीलच्या रिमचा सेट असला की जॅक लावा, नट खोला, चाक बदलून मोकळं. खड्ड्यात स्टील वाकतं, अलॉयला तडाही जाऊ शकतो, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने स्टील गंजतं खरं पण काळ्या रिमकडे बघतंय कोण. मी म्हटलं स्टीलच घे. मागून आई, "जास्तीची चार चाकं ठेवणार कुठे रे, पलंगाखाली?"