लुक्सोर की अस्वान? काटकसरीने फिरणाऱ्यासाठी नाईलकाठच्या दोन गावांचा तुलनात्मक आढावा

कैरो आणि गिझाचे पिरॅमिड पाहून झाल्यावर हाती चार-पाचच दिवस उरत असतील आणि टूर कंपनीशिवाय, स्वतः तिकिटे काढून, बेताच्या खर्चात दक्षिण इजिप्त पाहायचा असेल, तर मुक्काम लुक्सोरला करावा की अस्वानला, हा प्रश्न सोडवावाच लागतो. दोन्ही गावे नाईलच्या काठी आहेत, दोन्हींना वाळवंटाने वेढलेले आहे आणि रेल्वेने त्यांच्यातील अंतर सुमारे २१० किलोमीटर, म्हणजे तीन-साडेतीन तासांचे आहे. आठवडाभर सवड असणाऱ्याने दोन्ही पाहावीत. हा आढावा मुख्यतः ज्याला एकाच गावाला न्याय देता येणार आहे त्याच्यासाठी आहे.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू, कारण तो अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघतो. मार्च २०२४ मध्ये इजिप्तच्या पौंडाचे मोठे अवमूल्यन झाले. एका डॉलरला सुमारे ३१ पौंड मिळत असत, ते जवळपास ५० मिळू लागले. त्यामुळे खोलीभाडे, जेवण आणि स्थानिक प्रवास परदेशी माणसाला स्वस्त पडतो. मात्र पुरातन स्थळांची तिकिटे वेळोवेळी वाढत आली आहेत, आणि परदेशी पाहुण्यांसाठी त्यांचा दर स्थानिकांच्या कित्येक पट असतो. वेरूळच्या तिकीट खिडकीवर परदेशी पर्यटकाला ६०० रुपये मोजताना पाहिलेल्या मराठी माणसाने याबद्दल फार कुरकुर करू नये, कारण येथे रांगेच्या दुसऱ्या बाजूला आपण उभे असतो. सांगायचा मुद्दा असा की या प्रवासात खिसा रिकामा होतो तो तिकीट खिडकीवर, हॉटेलात नव्हे. म्हणून ‘कोणते गाव स्वस्त’ या प्रश्नाचे उत्तर तुम्ही किती देवळे आणि किती थडगी पाहणार यावर ठरते. विद्यार्थी असल्यास आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र काढून न्यावे. त्यावर बहुतेक ठिकाणी अर्धे तिकीट लागते. प्रमुख स्थळांच्या खिडक्यांवर आता बहुधा कार्डानेच पैसे घेतात, त्यामुळे परदेशात चालणारे कार्ड जवळ असणे आवश्यक आहे.

लुक्सोर म्हणजे प्राचीन थीब्ज. पूर्व काठावर आजचे शहर आणि कर्नाक व लुक्सोर ही दोन मंदिरे आहेत, तर पश्चिम काठावर ऊस आणि भाजीपाल्याची शेते, त्यांच्यामागे उघडाबोडका डोंगर आणि त्या डोंगराच्या कुशीत, प्राचीन राजांची थडगी असलेली, राजांची दरी आहे. बहुतेक लोक पूर्व काठावर उतरतात आणि पश्चिम काठ एका सकाळच्या मोटार-सहलीत उरकतात. काटकसरी प्रवाशाने नेमके उलटे करावे. पश्चिम काठावर घरगुती पद्धतीची लहान हॉटेले आहेत, तेथे सायकल भाड्याने मिळते, आणि लुक्सोर मंदिरासमोरून सुटणारी सार्वजनिक फेरीबोट मोजक्या पौंडांत नदी पार करून देते. तेथे राहिले की पहाटे सहाच्या सुमारास, बसगाड्या येण्यापूर्वी, दरीच्या दाराशी पोहोचता येते. दरीच्या साध्या तिकिटात उघड्या असलेल्यांपैकी कोणतीही तीन थडगी पाहता येतात. तुतानखामून, पहिला सेती, तसेच पाचवा व सहावा रामसेस यांच्या थडग्यांसाठी वेगळे तिकीट पडते. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरने १९२२ साली शोधलेले तुतानखामूनचे थडगे नावाने सर्वांत मोठे, पण आकाराने लहान आणि चित्रांच्या दृष्टीनेही बेताचेच आहे. पैसे मोजून ठेवणाऱ्याने ते सोडले तरी चालेल आणि तोच खर्च सहाव्या रामसेसच्या थडग्यातील रंगवलेले छत पाहण्यासाठी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच काठावरील मेदिनेत हाबू हे तिसऱ्या रामसेसचे मंदिर तुलनेने रिकामे असते, आणि त्याच्या छतांवर व खांबांवर तीन हजार वर्षांपूर्वीचे रंग अजून टिकून आहेत. जवळच देर अल-मदिना हे थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे गाव आहे. तिसऱ्या रामसेसच्याच कारकिर्दीत धान्याचा मेहनताना वेळेवर न मिळाल्याने या कारागिरांनी काम थांबवून मंदिराजवळ ठाण मांडले होते, आणि इतिहासात नोंद असलेला हा सर्वांत जुना संप मानला जातो. राजांच्या थडग्यांपेक्षा या कारागिरांनी स्वतःसाठी रंगवलेल्या छोट्या खोल्या मला अधिक जिवंत वाटतात, आणि त्यांचे तिकीटही कमी असते. मेम्नॉनचे दोन अवाढव्य पुतळे तर रस्त्याकडेलाच, फुकट पाहता येतात.

पूर्व काठावर कर्नाकच्या १३४ खांबांच्या दालनासाठी अर्धा दिवस द्यावा. लुक्सोर मंदिर संध्याकाळीही उघडे असते, आणि दिवे लागल्यावरच ते पाहावे. त्याच्या आवारातच अबू अल-हग्गाग ही मशीद उभी आहे. दोन्ही मंदिरांना जोडणारा सुमारे २.७ किलोमीटरचा स्फिंक्स-मार्ग नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला. स्थळे पाहण्यासाठी पाच दिवस चालणारा एकत्रित लुक्सोर पास मिळतो, पण रोज सकाळपासून दुपारपर्यंत स्थळेच पाहणार असाल तरच तो परवडतो.

अस्वानची गोष्ट वेगळी आहे. येथे तिकिटे काढून पाहण्याची स्थळे कमी, आणि तिकिटाविना मिळणारा आनंद जास्त आहे. नाईलचे पात्र ग्रॅनाइटच्या खडकांमधून वाट काढते, पश्चिम काठावर वाळूचे डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरतात, आणि एलिफंटाइन बेटावरील नुबियन वस्तीत सार्वजनिक होडीने किरकोळ पैशांत जाता येते. बेटावर खोली घेतली तर मोटारींचा आवाज कानी पडत नाही. गावाच्या कडेला खाणीत अर्धवट सोडलेला, सुमारे ४२ मीटर लांबीचा ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा निमुळता स्तंभ, पडून आहे. दगडाला तडा गेल्याने तो सोडून द्यावा लागला. कर्नाकमधील ओबेलिस्क याच परिसरातील ग्रॅनाइटचे आहेत, त्यामुळे कर्नाक पाहणाऱ्याला ही खाण विशेष अर्थपूर्ण वाटते. पश्चिम काठावरील टेकडीवर तिसऱ्या आगाखानांची समाधी दिसते. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे ते हेच; हिवाळ्यात ते अस्वानला येऊन राहत आणि १९५७ साली निधन झाल्यावर त्यांना येथेच चिरविश्रांती मिळाली. समाधी आतून पाहता येत नाही, होडीतून दिसते तेवढीच.

इसिस देवीचे फिले मंदिर अस्वानचे मुख्य आकर्षण आहे. धरणाच्या पाण्यात बुडू लागल्याने ते सुटे करून १९८० पर्यंत शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभारण्यात आले. तिकिटाशिवाय होडीचे भाडे वेगळे द्यावे लागते आणि त्यासाठी घासाघीस अटळ आहे. धक्क्यावर इतर प्रवासी गोळा करून भाडे वाटून घेणे हा सर्वांत सोपा उपाय. डोंगरात कोरलेल्या अबू सिंबेलच्या मंदिराचा खर्च मात्र वाटूनही जाणवतो. ते अस्वानपासून सुमारे २८० किलोमीटर दूर आहे, आणि बहुतेक सामायिक गाड्या पहाटे चारच्या सुमारास निघून दुपारी परततात. कैलास लेणे पाहिलेल्याला डोंगर कोरून मंदिर करण्याचे नवल फारसे वाटणार नाही, परंतु धरणाच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी ते मंदिर हजाराहून अधिक तुकड्यांत कापून, १९६४ ते १९६८ या काळात सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जुळवले, हे समोर उभे राहूनही खरे वाटत नाही. गाडीभाडे आणि तिकीट मिळून हा एक दिवस अस्वानमधील उरलेल्या साऱ्या दिवसांइतका महाग पडू शकतो. ‘अस्वान स्वस्त’ हे विधान अबू सिंबेल वगळूनच करावे.

त्रासाच्या बाबतीत दोन्ही गावांत ठळक फरक आहे. लुक्सोरच्या नदीकाठी टांगेवाले, होडीवाले आणि दुकानदार पाठ सोडत नाहीत. थडग्यांतील रखवालदारही न विचारता एखादे चित्र दाखवून बक्षिशीची अपेक्षा करतात. त्यात दुष्टपणा नसतो, पर्यटनावरच जगणाऱ्या गावाची ती गरज असते, पण सतत नकार देऊन माणूस थकतो. अस्वानमध्येही हे आहे, मात्र एकदा ‘नको’ म्हटले की बहुतेक वेळा पुरते. एकट्या स्त्रीने पहिल्या मुक्कामासाठी अस्वान निवडावे, असे मी म्हणेन.

जेवणाची अडचण दोन्हीकडे नाही. फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची उसळ, तामिया म्हणजे त्याच दाण्यांचे तळलेले वडे, भाकरीसारखी ऐश बलदी, भात-मसूर-मॅकरोनीची कोशरी हे सारे शाकाहारी आणि स्वस्त आहे. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या पदार्थांना ‘सियामी’ म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, म्हणून खानावळीत हा शब्द वापरावा. मोलोखियाच्या पातळ भाजीत मात्र बहुधा मांसाचे पाणी असते. अस्वानच्या बाजारात लाल अंबाडीच्या बोंडांचे करकदे हे पेय चांगले मिळते.

ज्याला इतिहास पाहायचा आहे आणि ज्याचे पाय मजबूत आहेत त्याने चार दिवस लुक्सोरच्या पश्चिम काठाला द्यावेत. अस्वान हुकल्याची हळहळ वाटेल, पण फसवणूक वाटणार नाही. मुलेबाळे किंवा वृद्ध आईवडील बरोबर असतील, किंवा दिवसाला एकच गोष्ट पाहून उरलेला वेळ नदीकाठी घालवायचा असेल, तर अस्वान. मे ते सप्टेंबर या काळात दोन्हीकडे दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास किंवा वर राहतो, आणि तेव्हा जायचे तर अस्वानची सावली आणि पाणी लुक्सोरच्या तापलेल्या दरीपेक्षा बरे.

दोन्ही जमत असतील तर कैरोहून रात्रीच्या गाडीने थेट अस्वान गाठावे आणि मग उत्तरेकडे यावे. कर्नाकनंतर फिले पाहिले तर ते उगाच लहान वाटते. शिवाय नाईल उत्तरेकडे वाहते, त्यामुळे वारा पडला तरी शिडाची फेलुका प्रवाहाबरोबर पुढे जात राहते. म्हणूनच एक-दोन रात्रींच्या स्वस्त फेलुका-सफरी अस्वानहून उत्तरेकडील कोम ओम्बो गावाच्या दिशेने निघतात. पुढे एडफू गावातील होरस देवाचे मंदिर रेल्वेने पाहायचे असल्यास एवढे ध्यानात ठेवावे की स्थानक पूर्व काठावर आणि मंदिर पश्चिम काठावर आहे; पुलावरून पलीकडे जायला गाडी करावी लागते, आणि तिचे भाडे बसण्यापूर्वीच, जाऊन-येऊन किती, असे ठरवून घ्यावे.