गाडीतला इन्व्हर्टर: आठ महिन्यांनंतर

जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसच्या सीटा काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडीचं घर करून घेतलं, त्याला आठ महिने झाले. खर्च वाचवायचा म्हणून घरचीच १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर, म्हणजे ॲसिडवाली बॅटरी आणि इन्व्हर्टर उचलून आत टाकला. पहिल्याच फेरीत, दाजीपूरला, बायकोनं तांबड्या रश्श्याचं वाटण मिक्सरला लावलं. इन्व्हर्टर दोनदा कोकलला आणि सगळा काळोख! बॅटरी संपली नव्हती. ७५० वॉटचा मिक्सर बारा व्होल्टवर साठ-सत्तर अँपिअर ओढतो. तेवढ्यानं व्होल्टेज बसलं आणि इन्व्हर्टर ट्रिप झाला. वाटण भरडच रश्श्यात गेलं. चव आली होती, ते सोडा.

त्यात पन्हाळ्याच्या वळणांवर ॲसिड पाझरून खालचा पत्रा खाल्ला. मग १२.८ व्होल्ट, २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. वजन निम्म्याहून कमी, आणि ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येते, म्हणजे दोन हजार वॉट-तास.

तरी सकाळपर्यंत चार्ज हिशेबापेक्षा जास्त उतरायचा. तारेभोवती पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तेव्हा चोर सापडला. काहीही चालू नसताना इन्व्हर्टर एकटाच दीड अँपिअर पीत होता. म्हणजे वीसेक वॉट, दिवसाचे ४८० वॉट-तास. आमचा बारा व्होल्टचा फ्रीज दिवसभरात जवळपास तेवढंच घेतो! आता फ्रीज, पंखा, दिवे, मोबाईल सगळं थेट बॅटरीवर. इन्व्हर्टर मिक्सरपुरता चालू करायचा आणि लगेच बंद.

लिथियमचं व्होल्टेज बघून काही कळत नाही, सत्तर टक्क्यांनाही तेरा आणि चाळिसालाही तेराच. बॅटरीत किती करंट गेला-आला ते मोजणारा शंटवाला मीटर बसवा, त्यात काटकसर नको. दर महिन्याला केबलच्या टोकाचे लगही (बोल्टानं जोडायचे धातूचे तुकडे) हात लावून बघतो. एक घाटात हादरून सैल झाला होता. मिक्सर थांबवून हात लावला तर चटका बसला, आवरण पिवळं पडलेलं.

टपावर ४०० वॉटचं सोलर आहे. उन्हाळ्यात लई भारी, पण गगनबावड्याच्या झडीत दिवसभरात पाव बॅटरीही भरली नाही. तिथं गाडी चालताना इंजिनच्या विजेवर बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर कामाला येतो: तासभर गाडी चालली की पंधरा टक्के. बॅटरी थेट अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) जोडू नका. लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो.

मेहुणा इंडक्शन घ्या म्हणून मागं लागलाय. दोन हजार वॉटला बारा व्होल्टवर १७० च्या वर अँपिअर लागतात म्हटल्यावर गप्प बसला. चहा गॅसवरच होतो.