दुबई मॉल: आठ महिने चालून झाल्यावर

गेल्या गुरुवारी संध्याकाळी मेट्रोच्या पुलावर, म्हणजे स्टेशन मागे पडलंय आणि मॉल अजून दिसत नाही अशा नेमक्या जागी, माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. आधी नुसती पुढची कड उचकटली. मग दर पावलागणिक फटाक फटाक करत तो टाचेपर्यंत उघडत गेला. केसांचा रबर काढून बुटाला गुंडाळला, तो शंभरेक पावलं टिकला. पुढचा पूल मी उजवा पाय जमिनीवरून न उचलता पार केला. मागून येणारी माणसं आदराने वाट देत होती, बहुधा पाय अधू आहे असं समजून.

बूट ह्याच मॉलमधल्या एका दुकानातून जूनअखेर समर सेलमध्ये घेतलेले, १४९ दिरहमला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. पण त्या संध्याकाळी घरी येऊन मी रागाच्या भरात मॉलबद्दलच लिहायला बसले होते आणि पहिल्या ओळीत पाचपैकी दोन तारे देऊन मोकळी झाले होते. ते नंतर खोडलं. का, ते पुढे येईलच.

मॉल किती मोठा, बाराशे दुकानं, २००८ साली उघडला, शेजारी बुर्ज खलिफा, हे सगळं तुम्हाला माहीत असतं, त्यात वेळ घालवत नाही. मी दुबईत अकरा वर्षं आहे, करामा भागात राहते, एका कंपनीत हिशेब बघते. त्यातली दहा वर्षं माझ्या लेखी दुबई मॉल म्हणजे गावाकडून पाहुणे आले की करायची वारी. काचेतले मासे, कारंजं, फोटो, परत. आपण होऊन कधी गेले नाही, आणि त्याचं खरं कारण होतं तो पूल.

तो नीटच सांगते. स्टेशनचं नाव ‘बुर्ज खलिफा/दुबई मॉल’. आपण उतरतो, आणि मॉल कुठेच नाही. समोर ८२० मीटरचा बंद, थंडगार, काचेचा पूल. माझं माहेर पुण्याचं. स्वारगेटला उतरवून ‘आली मंडई’ म्हणावं तसला हा प्रकार. पूल आला २०१२ च्या अखेरीस, त्याआधी स्टेशनवरून बस धरायला लागायची, म्हणजे पूल ही सुधारणाच म्हणायची. तरी पाहुण्यांच्या पोरांना कडेवर घेऊन तो ओलांडणं, परत येताना पुन्हा तेवढंच, आणि हातात पिशव्या! नवरा म्हणायचा, गाडी काढू. पण जुलै २०२४ पासून तिथल्या मुख्य पार्किंगला पैसे पडायला लागले. पहिले चार तास फुकट, शनिवार-रविवारी सहा. आता पाहुण्यांबरोबर घड्याळ बघत मासे बघायचे का? शिवाय वाटेत सालिकची कमान लागली की टोल वेगळा. मेट्रोने आमच्या इथून एका झोनचे तीन दिरहम होतात. त्यामुळे मी मेट्रोवालीच, आणि पुलाला शिव्या देणारीच.

मागच्या जुलैत सासूबाई आल्या. त्या मिरजेच्या, वय सत्तर, साखर आहे, आणि रोज पहाटे तासभर चालल्याशिवाय चहा घेत नाहीत. जुलैतल्या दुबईत पहाट नावाची गोष्टच नसते. पहाटे पाचला दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते, अंग चिकट होतं आणि श्वास ओल्या फडक्यातून घेतल्यासारखा वाटतो. दोन दिवस त्या खाली इमारतीभोवती फिरल्या, तिसऱ्या दिवशी जिन्यातच बसल्या. मग घरात हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या. आमचा हॉल केवढा, तर टीपॉय सरकवला तरच फेरी पूर्ण होते.

त्याच वेळी ऑगस्टमध्ये दुबईतले बरेच मॉल सकाळी सात ते दहा चालणाऱ्यांसाठी उघडे ठेवणार असं जाहीर झालं. मॉलाथॉन असं नाव दिलेलं. दुबई मॉलही त्यात. नवरा हसला. ‘मॉलात चालायला जायचं म्हणजे लग्नात पाणी प्यायला जाण्यासारखं आहे.’ मी म्हटलं, पाणी फुकट असेल तर जावं.

पहिल्या शनिवारी गेलो आणि पुलापाशीच गाडी अडली. पुलावर सरकते पट्टे आहेत, विमानतळावर असतात तसे. सासूबाई पट्ट्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. एका हातात निऱ्या, दुसरा हात माझ्या दंडावर. एक अरब कुटुंब गेलं, मागून फिलिपिनो मुलींचा घोळका गेला, एक माणूस बाबागाडी घेऊन गेला. सासूबाई पाय पुढे करायच्या आणि मागे घ्यायच्या, झोक्यावर चढणाऱ्या पोरीसारखं. शेवटी म्हणाल्या, ‘अगं, हा पट्टा पिठाच्या गिरणीचा वाटतो मला. साडी ओढून घेईल.’ आणि बाजूच्या साध्या फरशीवरून निघाल्या. कोल्हापुरी चपलांचा करकर आवाज करत, हात हलवत. मी पट्ट्यावर उभी. पट्टा संपला तेव्हा त्या माझ्या पुढे होत्या.

‘हे बरं आहे की,’ त्या म्हणाल्या. ‘ऊन नाही, कुत्री नाहीत, खड्डे नाहीत.’

तिथून माझं मत फिरायला लागलं. मी अकरा वर्षं ज्याला अडथळा म्हणत होते, तो ह्या बाईंनी पाच मिनिटांत रस्ता करून टाकला. जाऊन-येऊन पूलच दीड किलोमीटरच्या वर होतो, मॉलच्या आतली फेरी वेगळी. साखर उतरवायला ह्यापेक्षा काय पाहिजे? आणि खर्च? येण्या-जाण्याचे माणशी सहा दिरहम. करामातल्या जिमची वर्गणी मी एकदा विचारून आले आहे, पुन्हा विचारायला गेले नाही.

सासूबाईंनी एक धडा मात्र महागात घेतला असता. मेट्रोत खायला-प्यायला बंदी आहे, च्युइंगमसुद्धा नाही, दंड १०० दिरहम. त्यांच्या कनवटीला बडीशेपेची डबी. बायकांच्या डब्यात बसल्या बसल्या त्यांनी ती उघडली आणि मला चिमूट पुढे केली. मी डबी जवळजवळ हिसकावून घेतली. चोवीसशे रुपयांच्या घरात जाणारी बडीशेप मी तरी अजून खाल्लेली नाही.

आता आतलं. ज्यांना तिकीट काढून मत्स्यालयाच्या बोगद्यातून जायचंय त्यांनी जावं, ४८ मीटरचा आहे, मी पाहुण्यांबरोबर दोनदा गेले आहे, छान आहे. पण मॉलच्या मधोमध, तळमजल्यावर, ती भिंतभर काच फुकट आहे. जवळपास ३३ मीटर रुंद, आठ मीटरच्या वर उंच. शार्क तोंडासमोरून जातो, तिकीट काढलेल्यांनाही तोच शार्क दिसतो. काच म्हणायची, पण ते अ‍ॅक्रिलिक आहे, पाऊण मीटर जाड. टाकीत एक कोटी लिटर पाणी.

हा आकडा मी सासूबाईंना सहज सांगितला आणि चूक केली. त्या मिरजेच्या, हे मी विसरले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती मिरजेतूनच. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, मिळून साधारण पाच लाख लिटर. मिरज स्टेशनवर ती भरताना बघायला त्या शेजारणींबरोबर गेल्या होत्या. काचेसमोर उभं राहून त्यांनी बोटांवर हिशेब केला, मग मला विचारून पक्का केला. वीस गाड्या. लातूरला गेल्या तशा वीस गाड्या पाणी, माशांना. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एक छोटा मुलगा काचेला नाक लावून ओरडत होता, त्याला बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ह्यांच्याकडे नदी कुठली गं?’ नदी नाही, समुद्राचं पाणी गोडं करतात, जेबेल अलीला मोठाले कारखाने आहेत, असं मी सांगितलं. ‘मग त्यांचं त्यांनी केलंय,’ एवढं म्हणून त्या पुढे निघाल्या. त्यानंतर मात्र रोजच्या फेरीत काचेसमोर थांबायचा त्यांचा नेम झाला. एका मोठ्या पाकटाला त्या ओळखायला लागल्या होत्या, निदान तसं म्हणायच्या.

बाकी फुकटात काय काय: डिप्लोडोकस डायनासोरचा खराखुरा सांगाडा, साडेपंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतल्या वायोमिंगहून आणलेला, चोवीस मीटर लांब. एकदा बघून होतो. धबधब्यात सूर मारणारे पांढरे पुतळे, फोटोला बरे. बर्फाचं मैदान वरच्या मजल्याच्या कठड्यावरून बघायचं, पडणारी माणसं बघायला कुणी पैसे घेत नाही. शाल मात्र ठेवा, मॉलचा एसी सत्तरीच्या माणसाला झेपेल असा नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सासूबाई एकट्या जायला लागल्या. मी ऑफिसला, त्या नोल कार्ड टेकवून मेट्रोत. उतरायचं स्टेशन कसं कळतं विचारलं तर म्हणाल्या, ‘सगळं जग उतरतं तिथंच उतरायचं.’ खरंच आहे. २०२३ मध्ये ह्या मॉलला साडेदहा कोटी लोक आले म्हणतात. २०११ च्या जनगणनेतला अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा. सप्टेंबरमध्ये सकाळची सोय संपली तेव्हा त्या दहाला मॉल उघडायच्या बेताने निघायच्या आणि जेवायला घरी. रविवारी सकाळी लवकर निघणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, मेट्रो त्या दिवशी आठला सुरू होते. आम्ही एकदा सव्वासातला कुलूप बघून आलोय.

कारंजं उन्हाळाभर दुरुस्तीसाठी बंद होतं, ते १ ऑक्टोबरला सुरू झालं. सासूबाईंचा व्हिसा तोवर वाढवून घेतलेला. पहिल्या दिवसाची गर्दी टाळून पुढच्या आठवड्यात गेलो. दीडशे मीटरपर्यंत पाणी उडतं. मला धाकधूक, आता ह्या पुन्हा वाघिणी मोजणार. त्यांनी एक खेळ पूर्ण बघितला आणि म्हणाल्या, ‘उडवू देत. परत तळ्यातच पडतंय.’

त्या गेल्या, पण माझी सवय राहिली. आता फेब्रुवारी आहे, बाहेर हवा सुंदर आहे, झबील पार्क हाकेच्या अंतरावर आहे, तरी आठवड्यातून तीनदा ऑफिसनंतर माझा पूल ठरलेला. पट्ट्यावर मीही चढत नाही.

तर बूट. त्या गुरुवारी पाय घासत मी थेट दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सेलचा माल, बदलून मिळत नाही. मी म्हटलं, मला रंग आवडला नाही म्हणून नाही आले, तळ निघालाय. तो म्हणाला, बिल? बिल काढलं तर पांढराशुभ्र कागद! थर्मल कागदावरची अक्षरं कधीच उडाली होती. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद दिसला. पण मी हिशेबातली बाई आहे, प्रत्येक बिलाचा फोटो त्याच रात्री काढून ठेवते. तारीख, रक्कम, सगळं दाखवलं. मग मॅनेजर. मग ‘आठ महिने वापरलेत, मॅडम.’ रोज चालायचे बूट आठ महिने नाही वापरायचे तर काय देव्हाऱ्यात ठेवायचे? चाळीस मिनिटं गेली. सदोष माल दुरुस्त करून द्या, बदलून द्या नाहीतर पैसे परत करा असंच इथला ग्राहक कायदा सांगतो, त्यामुळे घरी येऊन सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. आणि त्याच तिरीमिरीत मॉलला दोन तारे. दुसऱ्या दिवशी डोकं थंड झालं तेव्हा दिसलं, आठ महिन्यांत बूट फाटेपर्यंत मी चाललेय. ह्यात मॉलचा दोष काय?

इथपर्यंत परवा लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. करामातल्या चांभाराने बूट चिकटवून, वर कडेने दोऱ्याची टीप मारून दिला, दोन्ही पायांचे मिळून वीस दिरहम. आता तो नव्याहून दणकट झालाय. आणि काल दुकानाचा फोन आला. १४९ दिरहमची क्रेडिट नोट द्यायला तयार आहेत, मुदत तीन महिने. फक्त जुने बूट परत आणून द्यायचे.

म्हणजे माझी वीस दिरहमची शिलाई त्यांना फुकट द्यायची. मिरजेला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, अजिबात देऊ नकोस. नवरा म्हणतो, देऊन टाक आणि विषय संपव. शिवलेला बूट ते सदोष धरतात की नाही, हेही अजून विचारलेलं नाही. शनिवारी जाणार आहे. पायात तेच बूट असतील, आणि पिशवीत चपला.