आजीसाठी घेतलेली हवेची गादी

आमची आजी गेल्या महिन्यात गेली. खुब्याचं हाड मोडलं, हृदय अशक्त म्हणून ऑपरेशन जमलं नाही, आणि वर्षभराहून जास्त ती अंथरुणावरच होती. एवढ्या काळात, सतत पडून राहून होते तशी एकही जखम तिच्या पाठीला झाली नाही. मातीला आलेल्यांतही दोघा-तिघांनी विचारलं, 'गादी कुठली घेतली होती?' म्हणून लिहितेय.

गादी साधीच, फुग्याफुग्यांची, पंपासकट तीन हजारांच्या आत. फुग्यांच्या रांगा आलटून पालटून भरतात नि सैल होतात, त्यामुळे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. नेहमीच्या गादीवर ही पसरायची आणि वर एकच पातळ सुती कापड. काकूने आजीची जुनी, मऊ झालेली लुगडी त्यासाठीच काढली. वर जाड गोधडी घातलीत तर पैसे पाण्यात. पंपावर वजनाप्रमाणे फिरवायचं बटण असतं. माणूस झोपल्यावर कमरेखाली, गादीच्या तळाशी हात घालून बघायचं. हाताला हाड लागलं तर हवा कमी आहे. वीज अगदी थोडी लागते, इन्व्हर्टरवर निवांत चालतो. आवाजाने आजी सुरुवातीला वैतागली होती. "ह्ये काय म्हशीगत रवंथ करतंय रातभर?" मग तिलाच त्याशिवाय झोप येईना.

दोष आहेत. उन्हाळ्यात प्लॅस्टिकमुळे पाठ घामेजते. पंपाची नळी अधूनमधून निसटायची आणि गादी गुपचूप बसायची. बाबा रात्री उठले की आधी गादी दाबून बघत.

पण नुसती गादी आणून भागत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, आणि ते आमच्या घरानं केलं. कॅलेंडरच्या पाठीमागे काकूने रकाने आखले होते: डावी, उजवी, पाठ. काका यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून आले की आधी आजीची कूस, मग चहा. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. रोज अंग पुसताना काकू बॅटरी घेऊन माकडहाड बघायची. लाल दिसलं की बोटाने दाबायची. लाली फिकी पडली नाही तर त्या बाजूवर भार द्यायचा नाही, आणि चोळायचं तर मुळीच नाही. आजी कुरकुरायची, "आत्ताच फिरवलंस की गं." "एवढीच बाजू, आत्ती," म्हणत काकू हळूच वळवायची.

शेवटची अंघोळ घालताना गल्लीतल्या बायकांनी तिची पाठ बघितली. "सुनेनं कशी ठेवली बघा," एक जण म्हणाली, आणि तोवर खंबीर राहिलेली काकू तिथेच रडली.

गादीला पाचपैकी चार. जखम आधीच खोल असेल तर हिच्यावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. तेव्हा फुग्यांऐवजी हवेच्या लांब नळ्यांची, भारी गादी लागू शकते. घेताना पंपाची जादा नळी आणि पंक्चरच्या पट्ट्या मागून घ्या, नंतर शोधत फिरावं लागतं.