पुरस्कारांच्या याद्या की वाचकांचे तारे?

इंग्रजीतील उत्तम विज्ञानकथा किंवा अद्भुतिका ऑनलाइन शोधताना दोन मार्ग हमखास समोर येतात: ह्यूगो व नेब्युला पुरस्कारांच्या याद्या आणि गुडरीड्स या पुस्तकांच्या संकेतस्थळावर वाचकांनी गुण म्हणून दिलेले तारे. माझा कल निःसंशय पहिल्याकडे आहे.

ह्यूगो १९५३ पासून दिला जातो आणि त्यासाठी जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद मतदान करतात. नेब्युलाचे मतदार स्वतः लेखक असतात. ह्यूगोच्या अंतिम फेरीत मतदार पसंतीक्रम लावतात, त्यामुळे मोजक्यांना अतिप्रिय पण बाकीच्यांना नकोशी वाटणारी कादंबरी सहसा मागे पडते, आणि एकही कृती योग्य न वाटल्यास पुरस्कार न देण्याचाही पर्याय मतपत्रिकेवर असतो. लिऊ सिशिन यांच्या चिनी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ मध्ये ह्यूगो मिळाला, आणि अनेक वाचकांसाठी चिनी विज्ञानकथेचे दार तेव्हाच उघडले. विजेत्यापुरते न थांबता अंतिम यादी पूर्ण चाळावी, कारण खरा खजिना अनेकदा तिथेच सापडतो.

गुडरीड्सची व्याप्ती अर्थातच मोठी आहे. परंतु तेथील सरासरी मालिकांच्या बाबतीत फसवी ठरते: पहिला भाग न आवडलेले वाचक पुढे जातच नाहीत, म्हणून तिसऱ्या-चौथ्या भागाला चाहत्यांचेच तारे मिळतात आणि आकडा फुगतो. तेथील तीन ताऱ्यांची परीक्षणे मात्र जरूर वाचावीत; कथानक कुठे रेंगाळते आणि काय मनात घर करते, हे त्यांत बहुधा प्रामाणिकपणे लिहिलेले असते.