ड्राय फॉल्स: धबधबा इथे, पण तो कोरणारं तळं दुसऱ्याच राज्यात

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ड्राय फॉल्सला येणारे बरेच जण हायवे 17 लगतच्या वाहनतळावर गाडी लावतात, कठड्यापाशी दहा मिनिटं थांबतात, फोटो काढतात आणि पुढे निघतात. तेवढ्यातही पैसे वसूल होतात. 120 मीटर उंच आणि साडेपाच किलोमीटर रुंद कोरडा कडा एका नजरेत मावत नाही. शेजारी नायगारा ठेवला तर तो जेमतेम 50 मीटरचा. पण समोर दिसतंय ते कशामुळे झालं, हे निव्वळ त्या कठड्यावरून कळणं अवघड आहे. या जागेची उणीव म्हणायची तर ही एवढीच.

ड्राय फॉल्सच्या ‘जगातला सर्वांत मोठा धबधबा’ या वर्णनाने दिशाभूल होते. नाव ऐकलं की वरून कोसळणारी पाण्याची भिंत डोळ्यांपुढे येते. हा कडा कोरणारा हिमयुगातला महापूर ऐन भरात असताना कड्याच्या माथ्यावरूनच सुमारे 90 मीटर खोल पाणी वाहत होतं आणि खालची दरीही भरलेली होती. त्यामुळे वरून बघणाऱ्याला धबधबा दिसलाच नसता, पाण्याला मोठा उतार तेवढा दिसला असता. खरी झीज तळाशी चालू होती. इथला दगड सह्याद्रीसारखाच थरांवर थर साचलेला बेसाल्ट, वयाने मात्र कितीतरी लहान, साधारण दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा. थंड होताना त्याला उभ्या भेगा पडून खांब तयार झालेले. वेगवान पाण्याच्या भोवऱ्यांनी हे खांब एकेक करून उपटले आणि कडा मागे मागे सरकत गेला. उजेड चांगला असेल तर खांबांच्या तुटलेल्या कडा दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. त्यासाठी दुपार कलल्यावर जा. सकाळी ऊन डोळ्यांवर येतं.

हे पाणी आलं आयडाहोपलीकडच्या मोंटाना राज्यातून. हिमयुग सरत आलं असताना, साधारण 18 ते 15 हजार वर्षांपूर्वी, कॅनडाकडून उतरलेल्या हिमस्तराच्या एका जिभेने आयडाहोत क्लार्क फोर्क नदीचं तोंड बंद केलं. बर्फाचं धरण 600 मीटरच्या आसपास उंच. मागे साठलं मिसूला तळं: 2,000 घन किलोमीटरहून जास्त पाणी, म्हणजे आजची ईरी आणि ओंटारिओ सरोवरं मिळून होईल तेवढं. आता बर्फ पाण्याहून हलका. धरणामागचं पाणी बर्फाच्या जाडीच्या नऊ-दशांशापर्यंत चढलं की बर्फाचा तळ उचलला जाऊ लागतो, पाणी खालून वाट काढतं, बोगदे रुंदावतात आणि धरण फुटतं. अख्खं तळं काही दिवसांत रिकामं. प्रवाहाचा उच्चांक जगातल्या सगळ्या नद्यांच्या एकत्रित प्रवाहाच्या दहापटीहून जास्त होता.

हे एकदाच झालं नाही. हिमजीभ पुन्हा पुढे सरकायची, तोंड पुन्हा बंद व्हायचं, काही दशकांत तळं पुन्हा भरायचं. वॉशिंग्टनच्या दक्षिण भागात या पुरांच्या गाळाचे चाळीसेक थर एकावर एक सापडतात आणि वरचे थर पातळ होत जातात. बर्फ पातळ झाला की धरण लवकर तरंगतं. म्हणून शेवटचे पूर लहान, पण लवकर लवकर आलेले.

भूवैज्ञानिक हार्लेन ब्रेट्झ यांनी 1923 मध्ये महापुराची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्याही हातात तळं नव्हतं. इतकं पाणी आलं कुठून, या प्रश्नावर त्यांची कोंडी झाली. 1942 मध्ये दुसरे भूवैज्ञानिक जोसेफ पार्डी यांनी मोंटानातल्या कॅमस प्रेअरीवरच्या, वाहत्या पाण्याने घडवलेल्या खडी-गोट्यांच्या प्रचंड लहरींचं वर्णन केलं आणि कोडं सुटायला लागलं. म्हणून हाताशी तीन दिवस असतील तर सुरुवात मिसूला शहरापासून करा. माउंट जंबोच्या उतारावर तळ्याच्या जुन्या काठांच्या आडव्या रेघा दिसतात. उन्हाची तिरीप असताना किंवा हलकं बर्फ पडल्यावर जास्त स्पष्ट. नंतर पर्माहून हायवे 382 ने कॅमस प्रेअरी. या ‘लहरी’ 9-10 मीटर उंच आहेत, गाडी त्यांच्यामधून जात असते आणि तरी लक्षात येत नाही. त्या ओळखायच्या तर उंचावरूनच बघाव्या लागतात.

एकच दिवस असेल तर सिएटलहून आय-90 ने निघा, एकूण 300 किलोमीटरच्या आसपास. व्हँटेजचा पूल ओलांडल्यावर 143 क्रमांकाच्या एक्झिटने फ्रेंचमन कुली या घळीत उतरा. तिथे बेसाल्टचे खांब हात लावून बघता येतात. तिथून एफ्राटा आणि सोप लेकमार्गे हायवे 17. राज्याच्या उद्यानांत गाडी लावायला लागणारा डिस्कव्हर पास दिवसाला 10 डॉलरचा, आणि त्या दिवशी तोच फ्रेंचमन कुली, लेनोर केव्ह्ज आणि ड्राय फॉल्स या तिन्ही ठिकाणी चालतो. माहिती केंद्र लहान आहे आणि त्याच्या वेळा हंगामानुसार बदलतात. त्या आधी संकेतस्थळावर बघून घ्या.

सोप लेक ते ड्राय फॉल्स हा पट्टा घाईने पार करू नका. महापुराने कोरलेल्या घळीत आज तळ्यांची माळ आहे: उत्तरेकडून पार्क, ब्लू, अल्कली, लेनोर आणि शेवटी सोप. पाणी दक्षिणेकडे जातं, सोप लेकमधून बाहेर वाट नाही, त्यामुळे माळेत खाली जाल तसा खारेपणा वाढतो. सोप लेकच्या काठावर वाऱ्याने फेस जमतो. लेनोरचं पाणी इतकं अल्कधर्मी की नेहमीचे ट्राउट मासे तिथे तग धरत नाहीत. त्यात नेवाडातले लाहोंटन कटथ्रोट ट्राउट सोडलेले आहेत. ही जात ज्या लाहोंटन तळ्यात घडली तेही हिमयुगातलंच. हवामान कोरडं होत गेलं तसं ते आटलं, आणि पिरॅमिड लेक हा त्याचा उरलेला तुकडा.

कड्याच्या पायथ्याला जायचं असेल तर खालच्या सन लेक्स उद्यानातून आत शिरा. ड्राय फॉल्स लेककडे जाणारा रस्ता कच्चा आणि खडबडीत आहे. बुटक्या गाड्यांचा तळ घासतो, तशी गाडी आधीच लावून चालत जाणं बरं. उमाटिला रॉकला वळसा घालणारी वाट आठेक किलोमीटरची, सावली जवळपास नाही. माणशी किमान दोन लिटर पाणी घ्या. जुलै-ऑगस्ट टाळा, एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. उन्हात तापलेल्या दगडांवर रॅटलस्नेक असतात, तेव्हा हात टेकवण्याआधी बघा, आणि परतल्यावर कपड्यांवर गोचिडी आहेत का तेही तपासा.