मराठीत पीएचडी: आधी जेआरएफ की आधी प्रवेश?

एमए मराठी झालं, पीएचडी करायची आहे आणि घरून पैसे मागायचे नाहीत, अशांपुढे दोन रस्ते असतात. एक, यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून आधी जेआरएफ, म्हणजे संशोधकाला दर महिन्याला मिळणारी यूजीसीची फेलोशिप, काढायची आणि मग गाइड गाठायचा. दुसरा, विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, देऊन आधी नोंदणी करायची आणि नंतर राज्याच्या फेलोशिपला अर्ज करायचा: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, अनुसूचित जमातींसाठी टीआरटीआय. मी पहिला रस्ता धरला. दुसऱ्याने गेलेल्यांचेही प्रबंध वेळेत आणि चांगले झालेत, त्यामुळे माझं म्हणणं थोडं सांभाळूनच घ्या.

महाराष्ट्र-गोव्याची सेट, म्हणजे राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा, हा तिसरा रस्ता नव्हे. तिने पेटमधून सूट मिळते, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, पण फेलोशिपची दमडीही नाही. दर वर्षी कुणी ना कुणी या गैरसमजात अडकतं.

रकमेवरून निर्णय घेण्यात अर्थ नाही, कारण राज्याच्या संस्था साधारण यूजीसीच्याच दराने चालतात. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन तिची एसआरएफ (पुढच्या टप्प्याची फेलोशिप) झाली की ४२,०००. पूर्ण पाच वर्षं धरली तर घरभाडं सोडून २४ लाख होतात. शिवाय मानव्यविद्यांना कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम, पहिली दोन वर्षं वार्षिक १०,००० आणि पुढे २०,५००. जुन्या नियतकालिकांवर काम असेल तर पहिल्या दोन वर्षांतले दहा हजार झेरॉक्स आणि प्रवासातच संपतात.

माझ्यापुरता निकाल लागला तो एका कटकटीवर: नोंदणीची तारीख.

राज्याची फेलोशिप नोंदणी झालेल्यांनाच मिळते, आणि अमुक ते अमुक काळात ज्यांची नोंदणी झाली त्यांनीच अर्ज करावा, असं जाहिरातीत असतं. आता विद्यापीठातल्या तारखा मोजा. पेटचा निकाल, मुलाखत, तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र, आरआरसीने (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीने) विषय मंजूर केल्याची तारीख आणि शेवटी नोंदणी निश्चितीचं पत्र. पहिल्या आणि शेवटच्या कागदात सहज काही महिन्यांचं अंतर पडतं. ‘१९६० नंतरची मराठी ग्रामीण कादंबरी’ असा ऐसपैस विषय नेला की समिती तो व्याप्ती कमी करायला सांगून परत पाठवते. दुरुस्त आराखडा पुढच्या बैठकीत जातो, बैठक लांबते, आणि पत्र हातात येईपर्यंत जाहिरातीची मुदत टळलेली असते. मग पुढच्या जाहिरातीची वाट पाहायची, आणि तिला ठरलेला महिना नाही. त्यात जागा मर्यादित. बार्टी, सारथी आणि महाज्योतीची २४ डिसेंबर २०२३ ची सामाईक परीक्षा १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घ्यावी लागली आणि तिच्यावरही पेपरफुटीचे आरोप झाले. या सगळ्या काळात संशोधक फुकट राबत असतो किंवा तासिका तत्त्वावर शिकवत असतो.

जेआरएफचं तसं नाही. फेलोशिपचं पत्र आधी हातात, नोंदणी नंतर. पत्राच्या मुदतीत प्रवेश घेतला आणि रुजू अहवाल गेला की पैसे सुरू. पुढे दर महिन्याला विद्यापीठाकडून पोर्टलवर हजेरीची खातरजमा व्हावी लागते: एक कर्मचारी नोंद करतो, दुसरा ती मंजूर करतो. यातला एक जरी रजेवर गेला तरी तो महिना अडकतो. दर महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास त्या टेबलाशी एक चक्कर मारावी. कंटाळवाणं आहे, पण थकलेले पैसे बहुधा नंतर येतात. हुकलेली जाहिरात परत येत नाही.

अर्थात जेआरएफ काढणं सोपं नाही, आणि मराठीची मुलं नेटमध्ये अडकतात ती मराठीत नव्हे, अध्यापन-संशोधन अभियोग्यतेच्या पहिल्या पेपरात. दुसऱ्या पेपरचे १०० प्रश्न मराठीत असतात, पहिल्याचे ५० फक्त इंग्रजी-हिंदीत. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आणि गुणवत्ता दोन्हींच्या बेरजेवर. म्हणजे भाषाविज्ञान आणि साहित्यशास्त्र तोंडपाठ असूनही तक्त्यांवरच्या आणि तर्काच्या गणितांत दहा प्रश्न गेले की वीस गुण गेले, आणि नेट होते पण जेआरएफ राहते. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका.

दुसरी अडचण वयाची. जेआरएफला खुल्या प्रवर्गातल्या पुरुषांसाठी मर्यादा ३० वर्षांची आहे. महिला, मागास प्रवर्ग आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत आहे. मराठा समाजाला राज्यात मिळालेलं एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आरक्षण केंद्रात चालत नाही, त्यामुळे मराठा मुलग्यांना तिशीचाच नियम लागू होतो. ओबीसींनी नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं काढावं. राज्याच्या नमुन्यावर अर्ज भरतो, पण पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत अडतो.

पेटवाल्यांच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे, तो म्हणजे गाइडची जागा. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी नाही. दलित आत्मकथनांवर किंवा मध्ययुगीन हस्तलिखितांवर तुम्हाला हवा तो एकच गाइड असेल आणि त्याच्याकडे आज जागा असेल, तर जेआरएफसाठी थांबू नका. नोंदणी करा आणि नेट देत राहा. नंतर जेआरएफ लागली तर पैसे निकालानंतरचे मिळतील, मागचे नाहीत. तोवर राज्याची फेलोशिप चालू झाली असेल तर ती सोडावी लागेल, दोन्ही एकदम घेता येत नाहीत. तासिका तत्त्वाचं मानधनही दोन्हीकडे चालत नाही.

वय सत्तावीसच्या आत असेल तर मी तरी आधी नेटचे दोन-तीन प्रयत्न करून पाहा म्हणेन. जून आणि डिसेंबर, वर्षाला दोन संधी असतात. एकोणतीस गाठलं असेल तर पेट आणि नेट दोन्हींचे अर्ज एकाच वर्षी भरा, आणि पेटच्या मुलाखतीला विषय नेताना कालखंड वीस वर्षांच्या आत ठेवा.